शेजारची सीट

“सोड! सोड म्हणतो ना!”

शिक्षकाने कंट्रोल हिसकावून घेतला आणि विमान स्वतःच उतरवलं. खाली आल्यावर मात्र गोड हसून म्हणाला, “छान जमतंय तुला.” दुसऱ्या दिवशी चिमणीने तिच्या फाइलमधला त्याचा शेरा वाचला: ‘रात्रीच्या उड्डाणास अयोग्य.’

अंगाने बारकी म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. त्या दिवशी ती कॅन्टीनमध्ये सगळ्यांकडे पाठ करून बसली. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला पुरतं कळलं होतं.

“रडून झालं असेल तर चल,” मागून आवाज आला. “आजपासून रात्री माझ्याबरोबर.”

ते मास्तर होते, संस्थेतले सगळ्यात जुने शिक्षक. विमानापर्यंत जाताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “वय झालं गं,” ते म्हणाले. शेजारच्या सीटवर बसून त्यांनी हाताची घडी घातली.

“डोळ्यांना दिसेल ते तोंडाने बोलायचं. गप्प बसणारा वैमानिक माझ्या कामाचा नाही.”

चिमणी बोलत राहिली. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असत. दोन पांढरे, दोन लाल दिसले की उंची बरोबर. चारही लाल म्हणजे विमान फार खाली आलं. ती दिवे मोजे, मास्तर नुसतं “हं” म्हणत. तीन आठवड्यांत त्यांनी कंट्रोलला बोटही लावलं नाही.

एकदा उतरताना चारही दिवे अचानक लाल झाले. तिची बोबडी वळली. शेजारी पाहिलं, तर मास्तर देवळातल्या मूर्तीसारखे शांत. तिने मन घट्ट करून इंजिनाचा जोर वाढवला, विमान वर घेतलं आणि फिरून नीट उतरवलं.

“तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?” खाली आल्यावर तिने विचारलं.

“तू होतीस ना.”

त्या तीन शब्दांवर ती महिनाभर जगली. जगात एक तरी माणूस आपल्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो! त्या बळावर तिने रात्री एकटीने विमान नेलं. परीक्षक खूश झाला. परवाना हातात पडला, तशी ती सकाळीच मास्तरांच्या घरी धावली.

मास्तर बाहेर गेले होते. मास्तरीणबाईंनी परवाना कौतुकाने उलटसुलट करून पाहिला.

“हे नेहमी नाव काढतात तुझं. वर्गात सगळ्यांत हुशार, म्हणतात.”

“त्यांनी हात दिला म्हणून, काकू. नाहीतर रात्रीच्या उड्डाणात माझं काही खरं नव्हतं.”

बाईंनी सुस्कारा सोडला. “रात्रीच्या उड्डाणावर फार जीव होता यांचा. आता नुसतं फळ्यावर शिकवायचं. संध्याकाळचे वर्ग असले की संस्थेची गाडी नेते, आणून सोडते. दोन वर्षं झाली, दिवस मावळला की यांना समोरचं ताटसुद्धा दिसत नाही. डॉक्टरांनी विमानात बसायलाच बंदी केलीय.” परवाना परत देताना त्यांनी सहज विचारलं, “मग रात्री तुझ्या शेजारी कोण बसायचं गं?”