मागचा डावा सांधा

दत्तोपंतांनी सांगाड्याशेजारी गुडघे टेकले आणि रॉकेलचा बोळा मागितला.

मार्तंडनं तो लगेच हातात दिला. पिंगळी स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार ओंडक्यांवर गाडीचा उघडा सांगाडा ठेवलेला होता. सगळा अ‍ॅल्युमिनियमचा. इंजिन आणि चाकं कालच उतरवली होती. आता दोन माणसांनी सहज उचलावा, एवढाच तो भरत होता.

मार्तंड पूर्णेला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता. तीन वर्षं सुटीचा एकेक दिवस घालून त्यानं ही शर्यतीची गाडी उभी केली होती. दत्तोपंतांनी पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात हयात घालवली होती. आता निवृत्त होऊन ते परभणीला, आपल्या मूळ गावी राहत होते. गाडी तपासायला या, असं मार्तंडचं पत्र आलं तेव्हा त्यांना नवल वाटलं. या मुलखात अशी गाडी कोण करतंय, ते बघायला ते सकाळच्या पॅसेंजरनं आले होते.

"किती पळवलीय?" त्यांनी विचारलं.

"दीड महिना. रोज सकाळी झरीच्या रस्त्यानं. पर अजून दमानंच चालवायलोय. रविवारी पुरी सोडणार, शंभराच्या वर."

"चालवणार कोण?"

"मीच की."

दत्तोपंतांनी मागच्या डाव्या सांध्यावर रॉकेल चोळलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. धातूला तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू पांढऱ्या पुडीवर उमटतं. त्याला थोडा वेळ द्यावा लागतो.

तेवढ्यात मार्तंडची वहिनी कमलबाई चहा घेऊन आली. कोपऱ्यात स्टुलावर तात्याराव मास्तर बसले होते. गावच्या शाळेतले. त्यांना गाड्यांची हौस आहे, असं मार्तंडनं सकाळीच सांगितलं होतं. 

सांगाड्याची ठेवण दत्तोपंतांना ओळखीची वाटत होती. "नकाशा कुठून मिळवलास?"

"एक वही हाय. पुण्याला काम केलेल्या माणसाची."

दत्तोपंतांनी मान हलवली. कारखान्यातली कितीतरी माणसं अशा वह्या ठेवत. "मग या कोपऱ्यावर पट्टी का नाही ठोकलीस? इथं सगळा भार येतो."

"वहीत पट्टी काढलेली हाय साहेब. पर वरून कुणीतरी लाल शाईनं खोडलीय. वजन वाढतं, म्हणून लिवलंय."

दत्तोपंतांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा चढवला.

खडूच्या पुडीवर रेघ उमटली होती. केसाएवढी बारीक, कोपऱ्यातून निघून नळीला अर्धा वळसा घातलेली. मार्तंड दुसऱ्या बाजूला होता, त्याला ती दिसत नव्हती. क्षणभर दत्तोपंतांच्या मनात आलं, सगळं ठीक आहे म्हणावं आणि दुपारची गाडी पकडावी. मग त्यांनी मार्तंडकडे पाहिलं. तिशीचा, काटक माणूस. रविवारी हा माणूस यात बसणार होता.

"ही गाडी चालवू नकोस," ते म्हणाले. "इकडे ये, बघ."

मार्तंड वाकून बघत राहिला. दत्तोपंत समजावू लागले. "लोखंड आधी वाकतं, आवाज करतं. चालवणाऱ्याला अंदाज येतो. हे तसं नाही. वेल्डिंगनं डागलेल्या जागेशेजारी हे मऊ पडतं, आतल्या आत चिरत जातं आणि एक दिवस एकदम सुटतं."

"चालवणाऱ्याला काईच कळत न्हाई?" दारातून कमलबाईनं विचारलं.

"नाही."

"हुशार असला तरी?"

"कितीही हुशार असू द्या. चाकच निखळलं तर तो काय करणार?"

"तुमी बघितलंय का असं सुटलेलं?"

दत्तोपंतांनी चहाचा कप उचलला. "एकदा. पुण्याला. बारा वर्षं झाली. अशीच गाडी होती, हाच सांधा."

"माणूस वाचला का?"

"नाही."

"त्याची चूक व्हती?"

दत्तोपंतांनी कप खाली ठेवला. ही गोष्ट त्यांनी आजवर घरातसुद्धा काढली नव्हती. "नाही," ते म्हणाले. "त्याची काहीच चूक नव्हती." बोलल्यावर त्यांना हलकं वाटलं.

मार्तंड उठला. "साहेब, एवढं लिहून देता का? मी लय उतावळा हाय. समोर कागद असला म्हंजी रविवारी हात आवरंल."

मास्तरांनी कागद पुढे केला. दत्तोपंतांनी मांडीवर फळी घेऊन लिहायला सुरुवात केली. मागच्या डाव्या सांध्याला तडा आहे. पट्टी नसल्यामुळे तो गेला, म्हणजे दोष मूळ रचनेतलाच.

"आन चालवणाऱ्याचं बी लिवा," कमलबाई म्हणाली. "त्या पुण्याच्या माणसाचं, आत्ता बोललात तसंच."

दत्तोपंतांना ते जरा चमत्कारिक वाटलं. पण दिराच्या काळजीनं बोलत असेल, असं समजून त्यांनी तेही लिहिलं. पुण्यात बारा वर्षांपूर्वी हाच सांधा सुटून चालक दगावला, त्यात चालकाचा दोष नव्हता. खाली तारीख घातली आणि सही केली. मास्तरांनी कागद घेतला आणि त्यांच्या सहीखाली आपली सही करून पुढे साक्षीदार असं लिहिलं.

"साक्षीदार कशाला?" दत्तोपंतांनी विचारलं.

 कमलबाईनं पदराआडून घडी घातलेला एक पिवळा कागद काढला आणि त्या ओल्या सहीशेजारी उलगडून ठेवला. वर पुण्याच्या कारखान्याचा शिक्का होता. तळाशी शाईची सही होती आणि मधे टाइप केलं होतं : चाचणी चालक सूर्यभान याचा मृत्यू त्याच्याच निष्काळजीपणामुळे झाला. गाडीत कोणताही दोष आढळला नाही.

"हे माझे मालक," ती म्हणाली. "आता दोन्हीवरची सही तेवढी जुळवून बघा."