तिसरं प्रकरण

चित्रपटांतला पाठलाग आणि सापळा, या विषयावरचा तिचा प्रबंध आज पाचच्या आत जमा व्हायला हवा होता. अडलं होतं फक्त मार्गदर्शकांच्या सहीपाशी. महिनाभर सर "वाचतोय गं, शब्दन् शब्द वाचतोय" म्हणत तिला हुलकावणी देत होते. आज तिने मैत्रिणीला प्रबंधाचा गठ्ठा देऊन सरांच्या खोलीकडे पाठवलं. गठ्ठा दिसताच सर मागच्या जिन्याने सटकले.

धापा टाकत ते गच्चीवर पोचले, तेव्हा ती सहीचं पान घेऊन टाकीला टेकून उभी होती.

"मी वरच येईन, हे तुला कसं कळलं?"

"दोनशे चित्रपट पाहिलेत, सर. घाबरलेला माणूस वरच पळतो, आणि तिथून पुढे वाट नसते. तिसऱ्या प्रकरणात आहे सगळं."

सरांनी मुकाट्याने सही केली.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "विशेषतः तिसरं प्रकरण."