पट्टीखालचे तारे

काळी पट्टी काढली आणि पडद्यावर निळे ठिपके दिसू लागले.

संशोधिकेने आधी पडदा पुसला, मग चष्मा पुसला. ठिपके जागचे हलले नाहीत. भरदुपारी, शेजारच्या खोलीत कुणाचे तरी हसणे चालू असताना, तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आनंद होता तो, पण त्यात भीतीच जास्त होती.

पडद्यावरच्या चित्रात एका दूरच्या दीर्घिकेच्या मध्यातून, कृष्णविवराजवळून, एक झोत निघत होता. हजारो प्रकाशवर्षे लांब, आणि वाटेत येईल ते उधळून लावणारा. त्याच्या मार्गात वायूचे ढग टिकत नाहीत, आणि ढगच नाहीत तर तारे जन्मायचे कशातून? हा सिद्धांत तिच्या मार्गदर्शक सरांचा. सरांचे नाव, सरांची खुर्ची, हा अख्खा विभाग त्यावरच उभा होता.

विभागाची एक रीत होती. ताऱ्यांची मोजणी करण्याआधी चित्रातल्या झोतावर काळी पट्टी टाकायची, कारण त्याच्या झगझगाटाने मोजणी बिघडते. ही पट्टी पहिल्याच दिवशी तयार हातात मिळे, खोलीच्या किल्लीसारखी. ती कशी आखली हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. मग जो तो मान डोलावून लिहून मोकळा व्हायचा की झोताच्या वाटेत तारे नाहीत. दिसणार कसे? वाटच झाकलेली.

आज नव्या चित्रावर पट्टी नीट बसेना, म्हणून तिने ती काढून पाहिली, एवढेच. ठिपक्यांचा वर्णपट तिने पुन्हा पुन्हा तपासला. कोवळे, तापलेले तारे होते ते, झोताच्या कडेने ओळीने उभे. झोताने ढग उधळलाच नव्हता, दाबला होता. दाब बसून वायू आवळत गेला आणि त्यातून तारे पेटले. ज्याला सगळ्यांनी मारेकरी ठरवले, त्याच्याच धडकेने ते जन्माला आले होते.

पुढच्या महिन्यात तिचा प्रबंध सरांच्या सहीला जायचा होता. सही मिळाली नाही तर इतक्या वर्षांच्या कष्टांवर पाणी. गप्प बसावे असेही क्षणभर वाटले, पण डोळ्यांनी पाहिलेले ‘नाही’ म्हणून लिहिणे तिला जमणारे नव्हते. सोमवारच्या बैठकीत सर्वांसमोर दाखवता आले असते. पण निवृत्तीला आलेल्या माणसाला चारचौघांत तोंडघशी पाडायचे? तिला ते बरे वाटेना. नकळत झालेली चूक, ती हळूच कानावर घालावी, असे ठरवून लॅपटॉप उचलून ती सरांच्या खोलीत गेली.

सर तापट म्हणून प्रसिद्ध होते. ते बिघडले की बाहेरचा कारकूनसुद्धा काहीतरी काम काढून पसार व्हायचा. तिने मनाची तयारी ठेवली होती. पण सर ओरडले नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितले, स्वतः पाणी ओतून दिले आणि बराच वेळ ते ठिपके पाहत राहिले. काम फार छान झालेय, म्हणाले. सरांच्या तोंडून कौतुक तिने कधी ऐकलेच नव्हते. तिला ओरडा परवडला असता.

घाबरून ती भराभरा बोलत सुटली. पट्टी झोतापेक्षा बरीच रुंद आहे, विशेषतः या बाजूला. कुणीतरी खबरदारी म्हणून तशी ठेवली असेल. सगळेच फसले, त्यात सरांचा काय दोष? सर नुसते हसले. उठून त्यांनी दार लावून घेतले.

"आणखी कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही, सर. आधी तुमच्याकडेच आले." हे सांगताना तिला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

सरांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला.

"पट्टी पूर्वी अरुंदच होती," ते शांतपणे म्हणाले. "तुझ्यासारखाच एक जण असाच आधी माझ्याकडे आला, त्यानंतर मी ती रुंद केली."