खोलीची बक्षिसी

१९८६ साली सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशी गेलो. हॉटेलात खोली साफ करणाऱ्या बाईसाठी बक्षिसी ठेवायची तिथे रीत आहे, असं ह्यांनी सांगताच मामंजी उखडले. "कशाला? तुझी आई आलीय ना बरोबर? ती आवरेल!"

झालं. रोज फिरायला निघायच्या आधी सासूबाई पदर खोचून पलंग आवरायच्या, बेसिन घासायच्या. वर मामंजी खुर्चीतून सांगायचे, "त्या कोपऱ्यात सुरकुती राहिली बघ."

परतायच्या दिवशी साफसफाईवाली आत आली. तिनं लखलखीत खोली बघितली, हात पुसत उभ्या असलेल्या सासूबाईंकडे बघितलं आणि खदखदून हसली. मग एप्रनच्या खिशातून दोन नाणी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

सासूबाई नाण्यांकडे बघतच राहिल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदाच गं, सूनबाई," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर मामंजींचं अंथरूण आवरायच्या आधी त्या हात पुढे करू लागल्या.


सासूबाई नव्वदीपर्यंत मजेत जगल्या. आणि मामंजींनी त्या हातावर एक पैसाही ठेवला नाही, मरेपर्यंत आपलं अंथरूण आपणच आवरलं.