दुसऱ्या कानातलं गाणं

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मधुवंती मनीमाजऱ्याच्या बाजारातला एक अरुंद जिना चढून वर गेली, आणि समोर शेंगदाण्याच्या गाडीआड मफलर गुंडाळून उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने घड्याळ पाहिलं.

कृष्णकांतची सगळी नोकरी कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या सरकारी कचेरीत चौकशीच्या फायली हाताळण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर फायली सुटल्या, सवय सुटली नाही. मधुवंती दोन महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी योगाला म्हणून जात होती. चटई मात्र जशी गुंडाळून न्यायची तशीच परत आणायची, गाठही न सोडता. भाजी चिरताना ती ओठांतल्या ओठांत आकडे मोजायची, आठपर्यंत जाऊन पुन्हा एकवर यायची. फोनवर कुणा हरलीनचे मेसेज यायचे. कोण ही, असं विचारलं की "योगावाली," एवढंच उत्तर. परवा त्याने योगाच्या वर्गात जाऊन चौकशी केली, तर तिथे ना हरलीन होती, ना मधुवंतीचं नाव. या वयात बायको आपल्याशी खोटं बोलते, ते कशासाठी, हे कळल्याशिवाय तो स्वस्थ बसणार नव्हता.

पाच मिनिटं थांबून तोही जिना चढला. वरच्या बंद दारामागून ढोल ऐकू येत होता. त्याने न वाजवताच दार ढकललं.

आत दोघीच होत्या. पंचविशीतली एक पंजाबी मुलगी भिंतीला टेकून उभी होती. टेबलापाशी मधुवंती होती. तिच्या पुढ्यात दोन काळ्या चकत्या आणि बटणांनी भरलेलं यंत्र, आणि गळ्यात हेडफोन. ती दचकली, पण यंत्रावरचा हात तिने काढला नाही.

"अहो, दार लावून घ्या. खाली आवाज जातो."

"हा तुझा योग?"

"नाही. मी डीजेचं शिकतेय." तिने मुलीकडे मान वळवली. "ही हरलीन. हिचाच क्लास आहे."

"तू? डीजे? आणि वाजवणार कुठे?"

"आपल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला. पंजाबी शेजारणीही येतात ना? लावणी लागली की त्या बसतात, भांगडा लागला की आपल्या बायका बसतात. मला सगळ्यांना एकदम उभं करायचंय."

उत्तर सरळ होतं, आणि सरळ उत्तरावर कृष्णकांतचा कधीच विश्वास बसत नसे. खोलीत भांगडा वाजत होता. मग हेडफोन कशाला? त्याने तिच्या गळ्यातला हेडफोन काढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. आत ढोलकी होती. कुणीतरी बाई लावणी म्हणत होती.

"यात वेगळंच चाललंय!" त्याचा चेहरा उजळला. "लोकांसाठी एक आणि आत एक!"

हरलीनला हसू आवरेना. "अंकल जी, काम ही यही है. जो बज रहा है वो सबका. जो आनेवाला है, वो पहले सिर्फ डीजे सुनता है."

मधुवंतीने हेडफोन परत घेतला. डावी वाटी कानावर बसवली, उजवी कानामागे ढकलली. एका हाताने चकती जराशी मागे धरली आणि दुसऱ्याने आवाजाची पट्टी हळूहळू वर सरकवली. भांगड्याच्या ढोलाखालून ढोलकी वर यायला लागली. एकाच ओट्यावर दोन बायका आल्यावर होते तशी क्षणभर धक्काबुक्की झाली. मग दोघींनी जागा करून घेतली. ढोल आणि ढोलकी बरोबरीने चालू लागली. मधुवंती मान डोलवत होती. तिचा असा चेहरा कृष्णकांतने कित्येक वर्षांत घरात पाहिला नव्हता, आणि त्याला आनंद व्हायच्या आधी वाईट वाटलं.

"मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर कोण, कुठे, कधीपासून, सगळं विचारलं असतंत. मला जमत नव्हतं तोवर जबाब कुठून देऊ?"

चौकशी पुरी झाली होती. संशय घ्यावा असं काही हाती लागलं नव्हतं, आणि तरी त्याला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. त्याचा पडलेला चेहरा बघून हरलीनने आपल्या परीने समजूत काढली.

"अंकल जी, औरों को महीना-महीना लग जाता है. एक कान में एक गाना, दूसरे में दूसरा, बंदा पागल हो जाता है. पर इस एक बात में आंटी जी तो पहले दिन से पक्की थीं."

"पहिल्या दिवसापासून?" कृष्णकांतचा जुना आवाज परत आला. तो मधुवंतीकडे वळला. "म्हणजे तू हे आधी कुठेतरी शिकलीयस. कुठे?"

"घरी," मधुवंती चकतीवरची नजर न काढता म्हणाली. "रात्री जेवताना तुम्ही ऑफिसातलं सांगायचात ना, तेव्हा."

कृष्णकांतला त्या फायली आठवल्या. एकेक प्रकरण त्याने किती रंगवून सांगितलं होतं, आणि तिने प्रत्येक वेळी अगदी हव्या त्या जागी मान हलवली होती.

तो तिच्या डाव्या बाजूला उभा होता. टेबलाला वळसा घालून तो गुपचूप तिच्या उजव्या बाजूला आला, मोकळ्या कानाकडे.

"मधू, ऐकतेयस ना?"

"हं," ती म्हणाली, आणि तिचं बोट पुढच्या गाण्यावर गेलं.