कोटाची बटणं

"कोटाचं सांगायलाच हवं का?" आईने विचारलं आणि दातांनी दोरा तोडला.

मुलगी भाषणाची तालीम करत होती. दुसऱ्या दिवशी शाळेत आठवी-नववीच्या मुलांपुढे तिला बोलायचं होतं: या वयात काम कसं शोधावं, चार पैसे कसे मिळवावेत. घरातच शिवणकामाचं स्वतःचं दुकान चालवणारी बाई म्हणून तिला बोलावलं होतं. आत्ता ऐकायला फक्त आई होती. मशीनशेजारच्या खुर्चीत, मांडीवर कुणाची तरी पँट घेऊन.

"कोटावरच तर सगळं उभं आहे. ऐक." मुलीने घसा साफ केला. "मी तेरा वर्षांची होते. माझ्याकडे दोन कामं होती. तळमजल्यावरच्या मास्तरांची नजर अधू झाली होती, त्यांना रोज संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवायचं. आणि जिन्यात चिठ्ठी लावली होती, तुटलेली बटणं लावून मिळतील. बटणांचं पहिलं काम मास्तरांच्या कोटाचं. त्यांच्या बायकोने कोट पाहिला आणि त्या अख्ख्या इमारतीत सांगत सुटल्या, पोरीचा हात चांगला आहे. मग इतके कपडे येऊ लागले की वाचन सोडावं लागलं. म्हणून सांगते मुलांनो, आवडतं ते नाही, जमतं ते काम धरा. आवड काय, मागून येते."

"येते?" आईने विचारलं.

"भाषणात येते."

दोघी हसल्या. आई जरा कमी हसली.

"त्यापेक्षा पोरांना उपयोगी पडेल असं सांग की. शेजाऱ्यांच्या झाडांना पाणी घाला, लहान मुलांचा अभ्यास घ्या. कोट कुठे मध्येच आणतेस?"

"तुझं आपलं काहीतरीच."

आईने पँटची घडी घातली. चहा केला. साखर घालायला विसरली, आणि मुलीने तो तसाच पिऊन टाकला.

सकाळी आई उठलीच नाही. झोपेतच गेली होती.

शाळेने कार्यक्रम पुढे ढकलला. भेटायला येणारे येऊन गेले. वर्दळ ओसरल्यावर एका दुपारी मास्तरीणबाई जिना चढून आल्या. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी पिशवीतून तो कोट काढला.

"कपाटात नुसता पडून आहे. म्हटलं, तुझ्याकडे असावा. तुझं पहिलं काम."

मुलीने कोट मांडीवर घेतला. सवयीने बोट बटणाकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

बटण कापडापासून किंचित वर उभं होतं, दोऱ्याच्या बारीक मानेवर. ही आईची रीत. बटणाखाली आगकाडी ठेवून टाके घालायचे, मग काडी काढून त्या सैल दोऱ्याला वेढे द्यायचे. जाड कापड मग ओढलं जात नाही. तेराव्या वर्षी मुलीला हे माहीत नव्हतं. तेव्हा ती बटण कापडाला आवळून टाकायची. काडीची युक्ती आईने शिकवली ती शाळा संपल्यावर. मुलगी शिवणकामातच राहणार हे ठरल्यावर.

"काकू, ही बटणं नंतर बदलली का?"

"नंतर कशाला? तेव्हाच." मास्तरीणबाई सहज म्हणाल्या. "तू कोट देऊन गेलीस आणि तुझ्या पाठोपाठ तुझी आई आली. म्हणाली, द्या जरा, पोरीने पार गळा आवळलाय त्याचा. आमच्याच पलंगावर बसून उसवलं आणि परत लावलं."

"या एकाच कोटाचं?"

"अगं, सगळ्यांचंच. तू पुढे, ती मागे. आम्हाला बजावायची, कौतुक करा पण तिला कळू देऊ नका." मग त्यांचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "मला वाटलं, एवढ्या वर्षांत सांगितलं असेल तिने."

मुलगी कोटाची बाही सारखी करत राहिली.

"मास्तर मात्र चिडायचे हं," मास्तरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माझी वाचणारी पोर पळवली म्हणायचे. एकदा त्यांनी तुझ्या आईला तोंडावर विचारलं, का करतेस हे? तर म्हणाली, मास्तर, पुस्तक हातात घेतलं की ती लांब जाते. मी हाक मारते तरी तिला ऐकू येत नाही. शिवायला बसली की माझ्या शेजारी असते."

त्यांना जिन्यापर्यंत पोचवून मुलगी परत आली. कापडाच्या गठ्ठ्याखालून तिच्या पुस्तकाचा कोपरा दिसत होता. जेवणाच्या सुट्टीत ती दोन-चार पानं वाचायची. आईने हाक मारली की मिटायची.

भाषणाचा कागद मशीनवर तसाच होता. जमतं ते काम धरा. ते जमत नव्हतं, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. तिला सोडून.

तिने कात्री उचलली. वरचं बटण चिमटीत धरून ओढून पाहिलं. हललं नाही. इतक्या वर्षांत एक टाका सैल झाला नव्हता. तिने कात्री खाली ठेवली आणि कोट आईच्या खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवला. मग समोर आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसली. तेरा वर्षांची असल्यापासून ती इथेच बसत आली होती.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "मला मास्तरांकडे वाचायला जायचं होतं."