डॅरेलचा पत्ता

दारू पिऊन गाडी ठोकली, तेव्हा डॅरेलचा परवाना गेला. तो परत मिळाला तरच दीडशे मैलांवरच्या, ओमाहातल्या लेकीला भेटता येणार होतं. त्यासाठी वाहनविमा दाखवायचा होता. स्वतःची गाडी नसणाऱ्यालाही तो मिळतो, पण घरात दुसऱ्या कुणाची गाडी असली, तर नाही. विमावाला डॅरेलच्या आईचा, वर्नाबाईंचा, जुना विद्यार्थी. त्यानं संकोचून विचारलं, “बाई, तुमची गाडी आहे. डॅरेल तुमच्याकडेच राहतो ना?” “आता नाही राहत.” त्यानं फॉर्म भरला. बाहेर बर्फात डॅरेल हसला. “आई, जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलंस, आज स्वतःच थाप मारलीस?” वर्नाबाईंनी गाडीची डिकी उघडली. आत त्याची बॅग होती, वर इस्त्री केलेले शर्ट. “थाप नाही रे,” त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या. “गावात खोली घेतलीय तुला. चल, सोडते.”